राजपुत्रांची द्विधा आणि तुडवलेले शेत

पुरोगामी विचारांच्या घरांत एक तक्रार अलीकडे वारंवार ऐकू येते. मुलगा वा मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की सामाजिक आशयाचे साहित्य बाजूला सारते आणि जाडजूड इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांत दिवसच्या दिवस बुडून राहते. या कादंबऱ्यांच्या प्रारंभी कुठेही अस्तित्वात नसलेल्या प्रदेशाचा नकाशा असतो. नकाशावर परस्परांचे हाडवैर असलेली दोन-तीन राज्ये असतात. पुढे पाचशे पाने राजवाडे, तह, विश्वासघात आणि लढाया. ज्या आईवडिलांनी उमेदीची वर्षे मोर्चांत आणि अभ्यासवर्गांत घालवली, त्यांना आपल्याच घरात मागच्या दाराने सरंजामशाही शिरल्यासारखे वाटते.

हा आक्षेप निराधार नाही, पण अपुरा आहे. ‘हा सारा पलायनवाद आहे’ असे म्हणून पुस्तक मिटवले, तर ते वाचणाऱ्या मुलाशी होऊ शकणारा संवादही मिटतो. शिवाय हे साहित्य एकजिनसी नाही. त्यात सिंहासनाची पूजा आहे तशी सिंहासनाची उलटतपासणीही आहे. या दोहोंतील फरक कशावरून ओळखावा, हा कार्यकर्त्यापुढील खरा प्रश्न आहे.

या वाङ्मयप्रकाराचा आधुनिक आदर्श म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन यांची १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. तिच्यातील सत्प्रवृत्त आणि दुष्ट यांच्यातील सीमारेषा बव्हंशी स्पष्ट आहे. खरा राजा रक्ताने राजा असतो. तो परत आला की राज्याला बरे दिवस येतात. शत्रूचे ऑर्क सैनिक जन्मतःच नासलेले, त्यामुळे त्यांच्या कत्तलीचे कोणाला सुतक नाही. टॉल्किनवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्यांच्या सॅम या माळ्याला दक्षिणेकडून आलेल्या शत्रुसैनिकाचे प्रेत दिसते, तेव्हा त्याचे नाव काय असेल, त्याला घरापासून इतक्या दूर कोणी आणले असेल, असे प्रश्न त्याच्या मनात उभे राहतात. पण तो क्षण ओसरतो आणि कथा राजाच्या पुनरागमनाकडे निघते. १९७८ मध्ये मायकेल मूरकॉक या इंग्रज लेखकाने या परंपरेवर एका निबंधात कडक टीका केली. हे साहित्य वाचकाला जागे करण्याऐवजी थोपटून निजवते, हा त्याचा आरोप होता.

त्यानंतरच्या काळात, विशेषतः १९९० नंतर, किशोरवयीनांच्या अद्भुत कादंबरीने आपला पोत बदलला. काळे आणि पांढरे यांच्या जागी करडा रंग आला. मेगन व्हेलन टर्नर या अमेरिकन लेखिकेची १९९६ मध्ये सुरू झालेली मालिका याचे चांगले उदाहरण आहे. सूनिस, एडिस आणि अटोलिया ही तीन छोटी राज्ये एकमेकांशी झुंजत असतात आणि समुद्रापलीकडचे मीड साम्राज्य त्यांना गिळायला टपलेले असते. २००० साली आलेल्या दुसऱ्या पुस्तकात अटोलियाची राणी शेजारच्या राज्याच्या तरुण हेराचा उजवा हात तोडायला लावते. हे कृत्य भयंकर आहे आणि लेखिका त्याची भीषणता कमी करीत नाही. पण हळूहळू वाचकाला दिसू लागते की, बंडखोर सरदारांच्या गराड्यात सापडलेल्या या स्त्रीने क्रौर्याला आपले चिलखत केले आहे. पुढे तोच हेर तिच्याशी विवाह करतो. अनेक वाचकांना हे पचत नाही, आणि न पचावे असेच ते लिहिले आहे.

अशा पुस्तकांनी तरुण वाचकाचे एक मोठे हित केले आहे. शत्रूलाही कारणे असतात आणि आपल्या बाजूचा माणूसही पापी असू शकतो, हे ती शिकवतात. ज्या काळात सीमेपलीकडचा प्रत्येक माणूस राक्षस ठरवण्याची राजकारण्यांत अहमहमिका लागते, त्या काळात हे शिक्षण लहान नव्हे. महाभारत ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला तर ते परकेही वाटणार नाही. कर्णाच्या बाजूने आणि विरुद्ध वाद घालीत इथल्या पिढ्या मोठ्या झाल्या आहेत.

पण येथेच एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. या कादंबऱ्यांतील नैतिक गुंतागुंत सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. द्विधा मन राजपुत्राला असते. रात्रभर येरझारा राणी घालते. पश्चात्तापाचा हक्क सेनापतीला असतो. त्यांच्या आज्ञेने जे मरतात, त्यांना मात्र बहुधा मनही नसते आणि नावही नसते. ते ‘तीनशे घोडेस्वार’ असतात किंवा ‘जाळलेली गावे’ असतात. टर्नर यांच्या २००६ मधील पुस्तकाचा बराचसा भाग एका साध्या पहारेकऱ्याच्या नजरेतून सांगितला आहे, ही स्तुत्य गोष्ट. परंतु त्या पहारेकऱ्याची नजरही अखेर राजावरच खिळलेली असते. अशा रीतीने गुंतागुंत हाच सत्तेचा नवा दागिना बनतो. पूर्वी राजा निर्दोष म्हणून पूज्य होता. आता तो जखमी आणि अंतर्मुख म्हणून पूज्य होतो. आज्ञा देणाऱ्याचे दुःख इतके रसाळपणे रंगवले जाते की आज्ञेखाली चिरडलेल्याचे दुःख विचारायला वाचकाजवळ अवधान उरत नाही. नैतिक गुंतागुंत म्हणून जी वाखाणली जाते, ती पुष्कळदा राज्यकर्त्यांना लिहून दिलेली माफी असते.

याहून वेगळे काही लिहिता येते काय? येते, आणि ते साठ वर्षांपूर्वीच लिहिले गेले आहे. लॉइड अलेक्झांडर हा अमेरिकन लेखक १९२४ मध्ये फिलाडेल्फियात जन्मला आणि २००७ मध्ये वारला. मुलाला महाविद्यालयात घालण्याची घरची ऐपत नव्हती, म्हणून तरुणपणी त्याने बँकेत निरोप्याचे काम केले. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात गेला. प्रशिक्षणासाठी त्याला वेल्समध्ये पाठवण्यात आले आणि त्या प्रदेशाच्या जुन्या कथांनी त्याच्या मनात घर केले. त्यांतूनच १९६४ ते १९६८ या काळात प्रिडेन नावाच्या कल्पित देशाची पाच पुस्तके निर्माण झाली. त्यांतील शेवटच्या ‘द हाय किंग’ला १९६९ चे न्यूबेरी पदक मिळाले.

या मालिकेचा नायक टॅरन हा डुकरे राखणाऱ्याचा मदतनीस आहे. आपण कोण, कोणाच्या पोटी जन्मलो, हे त्याला ठाऊक नाही आणि आपण कुलीन निघावे अशी त्याची आस आहे. १९६७ च्या ‘टॅरन वाँडरर’ या चौथ्या पुस्तकात तो आपल्या जन्मदात्यांच्या शोधार्थ बाहेर पडतो. वाटेत एडन नावाचा गरीब शेतकरी त्याला आसरा देतो. पुढे गोरियन आणि गॅस्ट या दोन सरदारांत एका गाईवरून लढाई जुंपते. गाय नामांकित आहे, सरदारांची अब्रू पणाला लागली आहे, शौर्याला उधाण आले आहे. लढाई संपते तेव्हा एडनचे शेत घोड्यांच्या टापांखाली मातीमोल झालेले असते.

दोन्ही सरदारांचा राजा स्मॉइट मनाचा मोकळा, पण डोक्याने तापट. तो दोघांनाही तळघरात कोंडायला निघतो. टॅरन त्याला विचारतो की, याने एडनचे काय भले होणार? त्याच्या सांगण्यावरून निवाडा असा होतो की, ज्यांनी शेत तुडवले त्या सरदारांनी एडनच्या बरोबरीने शेतात राबून ते पुन्हा उभे करावे; आणि जिच्यापायी हे सारे घडले ती गाय एडनला मिळावी.

हा प्रसंग विनोदी ढंगाने लिहिला आहे, पण अद्भुत कादंबरीच्या नीतिशास्त्रात त्याने मोठीच उलथापालथ केली आहे. दोन राज्यांच्या वैराचा विचार करताना कोणाचा दावा न्याय्य, कोणाचे मन अधिक जखमी, हे प्रश्न येथे मागे सरले. शेत कोणी तुडवले आणि ते परत कोण पेरणार, हा प्रश्न पुढे आला. रयतेचे दाणे, गवत, लाकूडफाटा, भाजी यांना लष्कराने हात लावू नये अशी सक्त ताकीद देणारे शिवाजी महाराजांचे पत्र मराठी मनात घर करून राहिले आहे, तेही याच कारणाने. राजाचे मोजमाप तेथे शेताच्या बांधावरून घेतले आहे.

अलेक्झांडर यांची पात्रे सरळसोट आहेत असे मात्र कोणी समजू नये. गुंतागुंत त्यांच्याकडेही आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी आहे. याच पुस्तकात क्रॅडॉक नावाचा एक लंगडा, दरिद्री मेंढपाळ टॅरनला सांगतो की, तू माझाच मुलगा. टॅरनचे कुलीनतेचे स्वप्न त्या क्षणी धुळीला मिळते. तो मेंढपाळाच्या झोपडीत राहतो, राबतो, आणि आतल्या आत त्या माणसाचा तिरस्कार करतो. पुढे क्रॅडॉक दरीत कोसळून अडकतो, तेव्हा त्याला तसाच सोडून द्यावे म्हणजे आपण मोकळे होऊ, असा विचार टॅरनच्या मनात चमकून जातो. लगेच त्याला स्वतःची शिसारी येते आणि तो मदतीला धावतो. मेंढपाळाचे म्हणणे खोटे होते हे नंतर कळते. परंतु टॅरनने स्वतःच्या मनात जे पाहिले ते खोटे नसते. वरच्या वर्गात जाण्याची लालसा माणसाला आपल्याच माणसाच्या मरणाची इच्छा करायला लावू शकते, हे सत्य तेरा-चौदा वर्षांच्या वाचकापुढे इतक्या थेटपणे क्वचितच कोणी मांडले असेल. शिकून शहरात स्थिरावलेल्या आणि गावाकडच्या बापाची ओळख करून देताना अडखळणाऱ्या कोणाही तरुणाला हा प्रसंग आपला वाटेल.

यानंतर टॅरन लोहार, विणकर आणि कुंभार यांच्या हाताखाली काम शिकतो. आपल्या जन्माचे रहस्य त्याला उलगडत नाही; आरशासारख्या ज्या पाण्याच्या शोधात तो निघाला होता, त्यात त्याला फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. या मालिकेतील मृत्यूचा स्वामी अरॉन याचा एक प्रमुख गुन्हा लक्षात घेण्याजोगा आहे. त्याने लोकांची अवजारे आणि शेतीची व कसबांची गुपिते लुटून आपल्या किल्ल्यात दडवून ठेवली आहेत. उत्पादकांचे ज्ञान हिरावून घेणारा तो दुष्ट, अशी दुष्टपणाची व्याख्या येथे केली आहे.

शेवटच्या पुस्तकातील प्रिडेरी या राजाचे पात्र तर आजच्या राजकीय कार्यकर्त्याने मुद्दाम अभ्यासावे असे आहे. तो पराक्रमी आहे, लोकप्रिय आहे, आणि ऐन वेळी अरॉनला जाऊन मिळतो. त्याचा युक्तिवाद असा की, सरदारांच्या आपसांतील लढायांनी देश पोखरला आहे. प्रिडेनच्या सध्याच्या राज्यकर्त्यांना शांतता राखता आली नाही. तेव्हा एका प्रबळ हातात सर्व सत्ता एकवटल्याखेरीज तरणोपाय नाही. दुखणे खरे आहे. एडनचे शेत त्याचा पुरावा आहे. औषध मात्र विष आहे. भांडणांना कंटाळलेला समाज ‘कोणीतरी एक खमका पाहिजे’ असे कसे म्हणू लागतो आणि सज्जन माणसेही त्या हाकेला कशी बळी पडतात, याचे इतके स्वच्छ चित्र प्रौढांच्या कादंबऱ्यांतही विरळा.

येथे एक आक्षेप येईल. हा टॅरनही अखेर राजाच होतो ना? होतो, आणि या मालिकेची ती मर्यादा आहे. परंतु तो कसा होतो तेही पाहिले पाहिजे. तान्हा असताना तो रणभूमीवर सापडला होता, कुळाची कसलीही खूण त्याच्याजवळ नव्हती, हे त्याला शेवटी सांगण्यात येते. युद्धात मेलेल्या सर्वांचा तो सारखाच मुलगा आहे. सुखाच्या चिरंतन देशात जाण्याची संधी तो नाकारतो, कारण त्याने वचने दिली आहेत: लढायांनी नापीक झालेली जमीन पुन्हा पिकती करण्याचे, मेलेल्या मित्राचा समुद्रावरील अर्धवट बांध पुरा करण्याचे. राजपद त्याला या कामांच्या पाठोपाठ मिळते. तरीही सिंहासन राहतेच, आणि हे लेखकालाही जाणवले असावे. कारण पुढच्या मालिकेत त्याने सिंहासनालाच हात घातला.

‘वेस्टमार्क’ १९८१ मध्ये आली. १९८२ मध्ये तिला अमेरिकेतील राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘द केस्ट्रेल’ आणि १९८४ मध्ये ‘द बेगर क्वीन’ प्रसिद्ध झाली. या तीन पुस्तकांत जादू नाही. देश तेवढा कल्पित आहे. नायक थिओ हा छापखान्यात काम शिकणारा अनाथ मुलगा. मुख्यमंत्री कॅबॅरस याने सरकारी परवानगीशिवाय काही छापण्यास बंदी केली आहे. शिपाई येतात, छापखाना मोडतात, थिओ एकावर प्रहार करतो आणि परागंदा होतो. त्या क्षणी आपल्याला जीव घ्यावासा वाटला होता, हा सल त्याला पुढे कायम छळतो. पहिल्या पुस्तकाच्या अखेरीस कॅबॅरसचा प्राण त्याच्या हाती येतो, तेव्हा तो त्याला वाचवतो आणि मृत्युदंडाऐवजी हद्दपारी मागून घेतो.

दुसऱ्या पुस्तकात रेजिया हे शेजारचे राज्य चालून येते. वेस्टमार्कचे काही उमराव शत्रूला आधीच सामील असतात. तरुण राणी लोकांना हक्क देईल, त्यापेक्षा परका राजा बरा, असा त्यांचा हिशेब आहे. राष्ट्रांच्या वैराची भाषा करणारे वरिष्ठ वर्ग आपले हितसंबंध सीमेच्या पलीकडे कसे सांभाळतात, हे यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही. लोक शस्त्र उचलतात. थिओचा कवी मित्र मारला जातो आणि दया मागणारा हा मुलगा ‘केस्ट्रेल’ या नावाने ओळखला जाणारा निर्दय छापेमार बनतो. त्याचा पक्ष न्याय्य आहे, तरी त्याचे हात रक्ताने माखले आहेत, आणि लेखक त्याला दोहोंपैकी एकाही गोष्टीचा विसर पडू देत नाही. पुढे तर हद्दपार केलेला कॅबॅरस परत येऊन सत्ता बळकावतो. थिओने दाखवलेल्या दयेची किंमत हजारो लोक मोजतात. मग ती दया चूक होती काय? क्रांतिकारकांचा पुढारी फ्लोरियन आणि त्याचा अधिक जहाल अनुयायी जस्टिन यांच्या द्वारा हाच वाद पुन्हा पुन्हा उभा राहतो. साध्य आणि साधन यांच्या संबंधाची ही जुनी चर्चा समाजवादी चळवळीला नवी नाही. साधनशुचितेवर येथे बैठकीच्या बैठकी झडल्या आहेत. लेखक त्या वादाचा निकाल देत नाही. दोन्ही बाजूंचे प्रेतवहन मात्र तो वाचकाला करायला लावतो.

आणि शेवटी राणी सिंहासन सोडते. ती दुष्ट आहे म्हणून नव्हे. रस्त्यावर वाढलेली, पोटासाठी नाना खटपटी केलेली ही मुलगी सर्व पात्रांत बहुधा सर्वांत मोठ्या मनाची आहे. पण चांगली राणी असणे हा राणी असण्याला पुरेसा आधार नाही, हे तिला उमगते. वेस्टमार्क प्रजासत्ताक होते. करड्या रंगाच्या कादंबऱ्यांतील असंख्य द्विधाग्रस्त राजपुत्रांना जी एक गोष्ट कधी सुचत नाही, ती तिला सुचते. आपल्या मनातील गुंता सोडवण्यापेक्षा लोकांच्या मानेवरून उतरणे अधिक निकडीचे आहे.

तेव्हा घरातील मुलाच्या हातचे पुस्तक काढून घेण्याचे कारण नाही. ते त्याच्या शेजारी बसून वाचावे, अभ्यासवर्गात त्यावर बोलावे, आणि काही साधे प्रश्न विचारायची सवय लावावी. या दोन राज्यांच्या सीमेवर कोण राहते? ज्या सैन्याचा जयजयकार झाला त्याने त्या रात्री कोणाचे धान्य खाल्ले? राजपुत्राच्या पश्चात्तापाने कोणाचे काय परत आले? ज्या पुस्तकाला या प्रश्नांची उत्तरे देता येतात, ते परीकथेच्या वेषात असले तरी वास्तववादी आहे. ज्याला ती देता येत नाहीत, ते कितीही करडे असले तरी दरबारीच आहे.

हे प्रश्न एकदा अंगवळणी पडले की ते कल्पित देशांपुरते राहत नाहीत. दोन खऱ्या देशांच्या सीमेवर तोफा धडाडतात, वर्तमानपत्रांतून नेत्यांच्या निर्धाराची वर्णने येतात, तेव्हा ज्याने एडनचे शेत पाहिले आहे तो तरुण आपोआप शेताकडे पाहील. ते कोणी तुडवले हे तो विचारील, आणि पेरणीच्या वेळी नांगराला हात लावायला कोण येणार, हेही विचारल्याशिवाय राहणार नाही.